तुऱ्याच्या डोंगरावरच्या गाठी

पुंजाराम दोंदे गुरुजींना डोंगर चढायला कोणी शिकवलं नव्हतं. नाशिकात नगरपालिकेच्या शाळेत ते चौथीचा वर्ग घ्यायचे. एकोणसत्तर सालच्या डिसेंबरात भूगोलाच्या तासाला त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, खिंड काढली, डोंगराची सोंड काढली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, सोंड हाय तर मंग हालत का नाय?”

वर्ग खदखदून हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, “बरोबर विचारलंस. फळ्यावरची सोंड बघून हे कळायचं नाही. बघायलाच जाऊ.”

पुढच्या रविवारी अकरा मुलं घेऊन ते हरसूलच्या पहिल्या एसटीत बसले. मुलांपैकी चौघांकडेच स्वेटर होते. बाकीच्यांच्या सदऱ्याखाली गुरुजींनी वर्तमानपत्राच्या घड्या घालून दिल्या होत्या. छातीवर एक, पाठीवर एक. वारा कागदातून आत शिरत नाही हे त्यांनी मुलांना सांगितलं, आणि मुलं दिवसभर चालताना कुरकुर वाजत राहिली.

तेव्हापासून नेम पडला. पावसाळ्यात डोंगर निसरडा, उन्हाळ्यात वर पाण्याचा थेंब नाही. म्हणून थंडीचे तीन महिने, पंधरा दिवसांतून एक रविवार. वस्तीतल्या बाया पोरांच्या हातात भाकरी आणि ठेचा बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, “गुरुजी, हातीपायी धड आणा म्हंजे झालं.” गुरुजींनी धड आणली. सुळक्याला भिडताना चार हातापायांपैकी एका वेळी एकच हलवायचा. दगडावर भार टाकण्याआधी तो हलवून बघायचा. कडा उतरताना तोंड डोंगराकडे ठेवायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो ते एसटीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेत: कळलं नाही तर विचारायचं. विचारणारा मूर्ख नसतो.

त्यांचा आवडता होता तुऱ्याचा डोंगर. हरसूलच्या अलीकडे खैरपाडा म्हणून पंचवीस-तीस घरांची वाडी आहे, तिच्या पाठीशी हा उभा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे सात सुळके एका धारेवर ओळीने बसलेले. धार कुठे बैलगाडी जाईल एवढी रुंद, तर कुठे दोन पावलं शेजारी शेजारी ठेवायची म्हटली तरी अडचण. दक्षिणेला गवताचा उतार, त्यातून वाडीवर उतरणारी पायवाट. उत्तरेलाही तसाच गवताचा उतार. पण तो शंभर-सव्वाशे हातांवर संपतो आणि पुढे कडा तुटतो. वरून पाहिलं तर दोन्ही उतार जुळ्या भावांसारखे. हिवाळ्यात गवत वाळून पिवळं पडलं की तर ओळखायलाच येत नाहीत.

मुलांना घेऊन गुरुजी तिसऱ्या तुऱ्यापर्यंत जात. “पुढचं तुम्ही मोठे झाल्यावर,” असं म्हणत. खरं तर पुढे ते स्वतःही कधी गेले नव्हते.

पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा वाट दाखवायला झिपरू भेटला. तिशीचा, काटक, कमरेला विळा लावलेला. थंडीत वाडीची सगळी माणसं डोंगरावरचं गवत कापायची, भारे बांधायची. मग ट्रक येऊन ते मुंबईच्या तबेल्यांसाठी घेऊन जाई. झिपरू गवतालाच निघाला होता. त्याने मुलांकडे पाहिलं, त्यांच्या कुरकुरत्या सदऱ्यांकडे पाहिलं आणि एवढंच बोलला, “माझ्या मागं या. मी ठेवीन तिथंच पाय ठेवा.”

चढताना झिपरू मधूनच वाकायचा, उभ्या गवताचे दोन झुपके धरून एकमेकांत पिळायचा आणि गाठ मारायचा. वीस-पंचवीस पावलं गेली की पुन्हा एक. सावळीराम नावाचा नऊ वर्षांचा मुलगा गुरुजींच्या पुढेच होता. सगळ्या वर्गात प्रश्न विचारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो म्हणाला, “गुरुजी, हा काका गाठी का मारतो?”

झिपरू चाळीस पावलं पुढे होता. एक हाक मारली असती तर थांबला असता. पण प्रश्न गुरुजींना विचारला होता, आणि वीस वर्षं फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची सवय अशी की मुलाचा प्रश्न खाली पडू द्यायचा नाही. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, “परत येताना वाट चुकू नये म्हणून. आपण रस्त्यावर मैलाचे दगड लावतो ना, तशा या डोंगरातल्या माणसांच्या खुणा.”

सावळीरामचं समाधान झालं. संध्याकाळी झिपरू वरच राहिला आणि मंडळी गाठी बघत बघत एकटीच उतरली. नेमकी वाडीत पोचली. त्या दिवशी उत्तर खरं ठरलं, आणि सगळं वाईट तिथून सुरू झालं. पुढे दर हिवाळ्यात झिपरूच एसटीपाशी येऊन वाट दाखवी, संध्याकाळी त्याच्या घरी मुलांना ताक मिळे, आणि ते उत्तर पुन्हा पुन्हा खरं ठरत गेलं.

शहात्तर साली गुरुजींनी पुस्तिका काढली. “डोंगर कसा वाचावा.” बत्तीस पानं. स्टेन्सिल त्यांनी स्वतः कोरलं, चित्रं स्वतः काढली, आणि हेडमास्तरांच्या परवानगीने शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर दोनशे प्रती काढल्या. तीन दिवस बोटांची शाई गेली नाही. वर्गातल्या मुलांना दिल्याच, शाळा सोडून गेलेल्यांनाही घरी नेऊन दिल्या, आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर त्या त्या मुलाचं नाव आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. पान अकरावर गवताच्या गाठीचं चित्र होतं. खाली मजकूर: “गवताला मारलेली गाठ ही डोंगरातल्या माणसाने ठेवलेली वाटेची खूण असते. गाठ दिसली की निर्धास्त पुढे चला.”

सावळीराम मोठा झाला, आयटीआय करून अंबडच्या नव्या एमआयडीसीत टर्नर म्हणून लागला. डोंगराचं वेड काही सुटलं नाही. रस्त्यात गुरुजी दिसले की सायकलवरून उतरायचा. “गुरुजी, यंदा साती तुरे. या टोकाला चढायचं, त्या टोकाला उतरायचं. मग तुम्हाला येऊन सांगतो तिसऱ्याच्या पुढं काय हाय ते.”

“एकटा जाऊ नकोस.”

“एकटा कशाला? कारखान्यातले तिघं हायेत. अन् पुस्तक हाय की खिशात!”

पंच्याऐंशीच्या जानेवारीतला दुसरा रविवार. चौघांनी सातव्या तुऱ्याच्या बाजूने चढायला सुरुवात केली, म्हणजे गुरुजी ज्या बाजूने मुलांना नेत तिच्या अगदी उलट. सकाळची एसटी उशिरा आली. पाचव्या तुऱ्यावर एकाचा पाय मुरगळला, तासभर तिथे गेला. चौथा उतरून खिंडीत आले तेव्हा सूर्य टेकला होता, वारा सुटला होता आणि बोटं इतकी गारठली होती की बिडी पेटवायला तिघांना मिळून सहा काड्या लागल्या. तिसरा तुरा अंधारात चढायचा नाही, इथूनच खाली उतरायचं, असं सावळीरामने ठरवलं. उतार दोन्हीकडे होता. सावळीरामने गाठ शोधली. ती सापडली, पुढची सापडली, त्याच्या पुढचीही. “चला रे, वाडीत चहा पिऊ,” म्हणून तो पुढे झाला. सगळ्यात शेवटची गाठ ओलांडल्यावर वाळलेल्या गवतावरून त्याचे दोन्ही पाय एकदमच सुटले.

बाकीचे तिघं होते तिथेच बसून रात्रभर ओरडले. पहाटे वाडीची माणसं वर आली. कड्याखाली दोर सोडून झिपरूच उतरला. घोंगडीची झोळी करून त्याने आणि वाडीतल्या तिघांनी सावळीरामला खाली आणलं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पुस्तिका तशीच होती. तिला एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

बुधवारी गुरुजींना पोलीस चौकीत बोलावणं आलं. सावळीरामबरोबर गेलेल्यांपैकी गोरक्ष नावाच्या मुलाने जबाब दिला होता: वाडीवाल्यांना शहरातली माणसं डोंगरावर आलेली नको असतात, गवत तुडवलं जातं म्हणून, त्यांनी मुद्दाम कड्याकडे गाठी मारून ठेवल्या. पुराव्याला पुस्तिका होतीच.

चौकीच्या ओसरीत झिपरू उकिडवा बसला होता. सोमवारपासून त्याला तिथे ठेवलं होतं. गुरुजींना बघून तो अर्धवट उठला. “रामराम, गुरुजी,” म्हणाला. गुरुजी आले म्हणजे आता सुटलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. गुरुजींनी आदल्या दिवशी सावळीरामच्या तिरडीला खांदा दिला होता. ते सरळ आत गेले.

हवालदाराने पुस्तिका पुढे सरकवली. “हे तुमचंच?”

“माझंच.”

“पान अकरा. गाठ म्हणजे वाटेची खूण. बरोबर?”

“बरोबर.”

“नक्की? तुमच्यासारखा माणूस सांगतो म्हणून विचारतोय. मला डोंगरातलं काही कळत नाही.”

“चौदा-पंधरा वर्षं मी स्वतः पाहतोय.”

“आणि कड्याकडच्या गाठी ह्याच्या आहेत. तो स्वतःच म्हणतो, माझ्या आहेत म्हणून. मग गुरुजी, चुकून मारल्या म्हणायच्या का मुद्दाम?”

गुरुजींना दारातून झिपरूची पाठ दिसत होती. “ते मी कसं सांगू?” ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, “पण त्याने असं करायला नको होतं.”

हवालदाराने ते लिहून घेतलं आणि गुरुजींनी वळणदार अक्षरात खाली सही केली. बाहेर पडताना झिपरूने मान वर केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, विमलाबाईंना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “म्हणजे चौदा वर्षं तुमच्या पोरांना ताक पाजलं, आणि पंधराव्या वर्षी त्याला पोरं मारायची हौस आली?”

“गाठी त्याच्याच आहेत, विमल. तो नाही म्हणत नाही.”

“लपवायचं असतं तर नाही म्हणाला असता.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “तुम्ही त्याला विचारलं का, गाठी तिकडे का मारल्या ते?”

गुरुजींनी विचारलं नव्हतं. त्या रात्री अंथरुणात त्यांनी मागचे सगळे हिवाळे एकेक करून आठवून पाहिले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की कधीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकून ते एकटेच खैरपाड्याला गेले. झिपरूची बायको चिमणाबाई अंगणात गवताचा भारा आवळत होती. गुडघा भाऱ्यावर, दोराचं टोक दातात. गुरुजींना बघून तिने दोर सोडला.

“आलाव का? आता कुनाला न्यायला आलाव?”

“चिमणाबाई, एक विचारायचंय.”

“इचारा की. तुमी लिवलेलं वाचून समदे आमालाच इचारत्यात.”

“गवताला गाठी कशासाठी मारता तुम्ही?”

गुरुजी थट्टा करत आहेत की काय, असं तिला वाटलं असावं. “तुमाला ठावं नाय?”

“नाही.”

“एवढी वरसं येताव. आमच्या घरचं पानी पिताव.” तिने पदर खोचला. “चला वर.”

दीड तास चढून दोघं खिंडीत आली. चिमणाबाई अनवाणी होती आणि दम लागू न देता बोलत होती. डोंगराचं गवत साऱ्या वाडीचं. कोणी वेगळं निघालं की त्या दसऱ्याला पंच देवापुढे बसतात, खडे टाकून ज्याचा त्याचा पट्टा नव्याने ठरवतात; एरवी जुनाच पट्टा चालतो. ज्याला जो पट्टा आला त्याने त्याच्या दोन्ही कडांना गाठी मारत जायचं. गाठीच्या अलीकडचं गवत आपलं, पलीकडे दुसऱ्याचं. “तुमच्या शेताला बांध असतो, तसा ह्यो आमचा बांध. आधी आमचा पट्टा खालच्या अंगाला, पायवाटंला लागून व्हता. औंदा धाकला दीर भिका येगळा निघाला. मंग समदं नव्यानं पाडलं. आमाला ह्यो आला, खिंडीच्या पल्याडचा.”

म्हणजे इतकी वर्षं गुरुजी झिपरूच्या बांधावरून मुलांना उतरवत होते, आणि बांध योगायोगाने पायवाटेशेजारी होता.

ती उत्तरेच्या उताराला लागली, तिच्या मागे गुरुजी बसत बसत उतरले. एक गाठ, दुसरी, तिसरी. शेवटच्या गाठीपाशी ती थांबली. “ही बघा.”

ही गाठ वेगळी होती. दोन पीळ दिलेली, शेंडे खाली मुडपून खोचलेले.

“ही कशाची?”

“हितून म्होरं इळा घालायचा नाय. कडा हाय. आमची सात वरसाची पोर बी सांगंल तुमाला.”

गाठीच्या पलीकडे दोन हात रुंदीचं गवत खालच्या दिशेने लोळलं होतं. लोळलेला पट्टा कड्याच्या ओठापर्यंत गेला होता. पुढे आभाळ. गुरुजी तिथेच खाली बसले. चिमणाबाईने त्यांना हात धरून उठवलं नाही. तिला गवत कापायचं होतं; ती विळा काढून कामाला लागली.

गुरुजी तसेच चौकीत गेले. “माझा जबाब बदलायचाय,” असं उभ्याउभ्याच म्हणाले.

“बसा, गुरुजी. काय झालं?”

“गाठ म्हणजे वाट नव्हे. हद्द आहे ती. कड्यापाशी धोक्याची खूणही त्याने केली होती. मला ठाऊक नव्हती, म्हणून मुलाला ठाऊक नव्हती. मी पुस्तकात खोटं लिहिलं.”

“कालच तुम्ही सही केलीत.”

“चुकीची केली.”

“मग गुन्हा कोणाचा?”

“माझा.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि तो हसला. वाईट हसला असंही नाही, दमलेला होता. “पुस्तकात चूक केली म्हणून मास्तरांना आत घालायला लागलो तर उद्या शाळांना कुलपं लावावी लागतील. घरी जा. अपघात म्हणून कागद मिटवतो.”

“आणि झिपरू?”

“सोडतो की. एका अटीवर.” त्याने ओसरीकडे तोंड करून हाक मारली. “ए, इकडे ये. आजपासून डोंगरावर गाठी मारायच्या नाहीत. तू नाही, वाडीतल्या कोणी नाही. पुन्हा कोणी गेलं तर तुझं नाव पहिलं. उठव अंगठा.”

“अहो, पण तो त्यांचा बांध आहे!” गुरुजी म्हणाले. “गाठी नसल्या तर कोणाचं गवत कुठलं, हे ठरवायचं कसं? भांडणं लागतील त्यांच्यात.”

“गुरुजी,” हवालदार म्हणाला, “आता तुम्ही मला डोंगर शिकवू नका.”

झिपरूने अंगठा उठवला. दोघं बाहेर आले. एसटीच्या थांब्यापर्यंत रस्ता एकच होता म्हणून बरोबर चालावं लागलं. झिपरू अजूनही पुढे होता, गुरुजी मागे.

“झिपरू, मला माफ कर.”

तो थांबला नाही. थोडं अंतर गेल्यावर चालता चालताच बोलला. “तुमी पोरांना म्हनायचा, कळलं नाय तर इचारा. तीनदा म्हनायला लावायचा. मी म्होरं ऐकायचो. माला लय आवडायचं ते.” त्याने अंगठ्याची शाई धोतराला पुसली. “वाटायचं, आज ना उद्या गुरुजी माला बी काय तरी इचारतील. माला लिवता येत नाय. पन सांगता आलं आसतं.”

एसटीचा थांबा दिसू लागला. झिपरू म्हणाला, “आता पोरं घिऊन येऊ नका. वाडीतले दगड मारतील. मी कुनाला आडवू?”

त्याच हंगामात खैरपाड्यात गवतावरून जुंपली. भिकाच्या माणसांनी खिंडीपलीकडचं कापून नेलं, झिपरूने जाब विचारला, विळे निघाले. झिपरूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. हे गुरुजींना हरसूलच्या एसटीवरच्या एका कंडक्टरने सांगितलं, सहज, तिकिटं फाडता फाडता.

गुरुजींनी पुस्तिका परत गोळा करायला घेतल्या. शाळा सुटली की सायकल काढायची आणि वस्त्या, चाळी, कॉलन्या धुंडाळायच्या. दोनशे मुलं, कोणी सातपूरला, कोणी देवळालीला, कोणी लग्न होऊन नांदगावला. दारात गुरुजी उभे पाहून मुलं पाया पडत, चहा ठेवत, आणि पुस्तिका मागितली की तोंड बारीक करत. “गुरुजी, लहानपणाचं तेवढंच राहिलंय.” एकीने पुस्तिका परकराच्या काठात गुंडाळून ठेवली होती, देताना रडली. शाळेतल्या मास्तरांनी सुचवलं, “अहो, अकरावं पान फाडा आणि बाकीची द्या परत. बाकी तर बरोबर आहे ना?”

“बाकीचंही मी कोणाला विचारून लिहिलेलं नाही,” गुरुजी म्हणाले.

मार्च सरेपर्यंत एकशे पासष्ट प्रती आल्या. रोज संध्याकाळी विमलाबाई बंबात घालण्याआधी एकेक प्रत उघडून पहिल्या पानावरचं नाव वाचायच्या. गुरुजी तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहायचे.

सावळीरामची प्रत चौकीतून त्याच्या आईला, सुलाबाईला परत मिळाली होती. तिच्याकडे जायचं गुरुजी लांबवत होते. एप्रिलातल्या एका दुपारी गेलेच.

सुलाबाई उंबऱ्याशी बिड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. “या गुरुजी,” म्हणाली आणि पाट सरकवला. हात चालूच. “लोकं म्हनत्यात, त्या वाडीवाल्यांनी मारलं माझं पोर.”

“त्यांनी नाही मारलं, सुलाबाई.” आणि गुरुजींनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं, पहिल्यापासून, टप्प्याटप्प्याने, काही न गाळता. चाळीस पावलांवरचा झिपरू सांगितला. चौकीतली सही सांगितली. दोन पिळांची गाठ सांगितली. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले.

सुलाबाईने वळलेली बिडी दोऱ्याने बांधली, पुढचं पान घेतलं. मग सूप बाजूला ठेवून आत गेली आणि पुस्तिका घेऊन आली. “मला वाचता येत नाय. त्यानं वाचलं ते वाचून दाखवा.”

“सुलाबाई...”

“वाचा.”

गुरुजींनी पान अकरा काढलं. वाचलं. दोनच ओळी होत्या.

“पुढं?”

“पुढे पाण्याबद्दल आहे. पाणी कुठे सापडतं ते.”

“ते बी वाचा. पयल्यापासून वाचा समदं.”

त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. सावळीरामचं नाव, मग दगड हलवून बघायचा, मग सदऱ्याखाली कागद. सुलाबाई बिड्या वळत ऐकत होती. मध्ये एकदा “सावकाश” म्हणाली. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न विचारता निघून गेल्या. बत्तीस पानं संपायला पाऊण तास लागला.

“म्हंजी माझ्या पोरानं चुकी केली नाय,” सुलाबाई म्हणाली.

“नाही.”

“सांगितलं तसंच केलं.”

“हो.”

“माझं कवा ऐकलं नाय त्यानं. थंडीचं जाऊ नको म्हनलं, तरी गेला.” तिने हात पुढे केला. गुरुजींनी पुस्तिका तिच्या हातात दिली. परत मागण्याचं धैर्य त्यांच्यात नव्हतं, आणि तिनेही देऊ केली नाही; पदराखाली ठेवून दिली.

गुरुजी उठले. चपला सापडेनात, म्हणून उंबऱ्यात जरा घुटमळले.

“गुरुजी,” ती मागून म्हणाली, “तुमची नोकरी किती राह्यली?”

“दोन वर्षं.”

“म्हंजी आजून दोन वर्सं पोरं बसत्याल तुमच्यापुढं.”

तिने सूप मांडीवर ओढून घेतलं आणि पान कापायला कात्री शोधू लागली. गुरुजी भर उन्हात सायकल हातात धरून चालत निघाले. सायकलवर बसायचं असतं, हे त्यांना गंगापूर रोडला लागेपर्यंत आठवलं नाही.